विहिरीवरचा मॉनिटर

मे महिन्यातली भर दुपार. जेवून नुकताच आडवा झालो होतो. नातू मागच्या पडवीतून धावत आला आणि माझ्या कानाशी ओरडला, "आजोबा, विहिरीवर मॉनिटर आहे!"

अर्धवट झोपेत मला जे दिसलं ते असं : आमच्या विहिरीच्या कठड्यावर कुणीतरी कॉम्प्युटरचा जुना पडदा आणून ठेवला आहे. हल्ली गावात कोण कुठे काय टाकून जाईल याचा नेम नाही, त्यामुळे हे अगदीच अशक्य नव्हतं.

"वायर आहे का त्याला?" मी डोळे न उघडता विचारलं.

"नाही. शेपूट आहे."

मग मात्र उठावंच लागलं.

कठड्यावर उन्हात घोरपड पसरली होती. शेपटीसकट अडीच हात तरी असेल. अंगाचा रंग भिजून वाळलेल्या गोणपाटासारखा, मानेखाली कातडीच्या घड्या, आणि चेहऱ्यावर पेन्शनीच्या रांगेत तासभर उभं राहिलेल्या माणसाचा भाव. मधूनच दुभंगलेली जीभ बाहेर यायची, हवेची चव घ्यायची आणि आत जायची. आम्हाला बघून तिनं काही घाई केली नाही. दोन पावलं इकडे, दोन पावलं तिकडे अशी डुलत ती कठडा उतरली आणि खालच्या दगडांच्या फटीत शिरली. शेपूट आत जायला बराच वेळ लागला.

"ही घोरपड रे," मी म्हणालो.

"पुस्तकात मॉनिटर लिझर्ड लिहिलंय. बंगाल मॉनिटर." तो इंग्रजी शाळेत पाचवीत आहे. राहतो पुण्यात, तेही घोरपडीला, आणि घोरपड ओळखत नाही. मी हे त्याला ऐकवणार होतो, तेवढ्यात आमची ही ताकाचं भांडं हातात घेऊन बाहेर आली. "बंगालची असो नाहीतर गुहागरची. खुराड्यातली अंडी कोण नेतं ते आज कळलं," असा निकाल देऊन ती आत गेली.

नातवाचं मात्र समाधान झालेलं नव्हतं. "पण आजोबा, तिला मॉनिटर का म्हणतात? ती कुणाची नावं लिहिते?"

प्रश्न रास्त होता. कारण मॉनिटर म्हणजे नावं लिहिणारा, ही माझीही समजूत साठ वर्षं जुनी आहे आणि ती अनुभवातून आलेली आहे. सातवीत मी मॉनिटर होतो. हुशार म्हणून नव्हे. वर्गात सगळ्यात जास्त बडबड करणारा मी, म्हणून गुरुजींनी काट्यानं काटा काढायचं ठरवलं आणि माझ्या हातात खडू दिला. गुरुजी वर्गाबाहेर गेले की मी फळ्याच्या कोपऱ्यात 'बोलणाऱ्यांची नावे' असं ठळक अक्षरांत लिहायचो, खाली दोन रेघा ओढायचो आणि सावजाची वाट बघायचो. एकदा बोलला की नाव, पुन्हा बोलला की नावापुढे फुली. तीन फुल्या म्हणजे छडी. सत्ता काय असते ते मला त्या एका वर्षात कळलं, भ्रष्टाचार कसा सुरू होतो तेही. आवळे, चिंचेची बुटकं, एकदा तर अर्धी शेंगदाण्याची चिक्की. फुल्या पुसायला मला डस्टरही लागत नसे, तर्जनी पुरायची.

एके दिवशी गुरुजी अचानक मागच्या दारानं आले. फळ्यावर एकही नाव नव्हतं आणि वर्गात बाजार भरला होता. गुरुजींनी खडू घेतला आणि यादीच्या पहिल्या ओळीत माझं नाव लिहिलं. पुढे फुल्या नव्हत्या. छडी मात्र फुल्यांच्या हिशेबानंच बसली.

तर हे पद मी भोगलेलं होतं, पण त्याचं नाव कुठून आलं याची चौकशी मी कधी केली नव्हती. त्या रात्री जाडे कोश काढले, नातवाला शेजारी बसवलं आणि दोघं 'एम' या अक्षरापाशी पोचलो.

मॉनिटर हा शब्द सरळ लॅटिन आहे. 'मोनेरे' म्हणजे सावध करणं, आठवण करून देणं, वेळ पडल्यास चार शब्द सुनावणं. हे काम करणारा तो मॉनिटर. जुन्या रोममध्ये वकिलाच्या मागे उभा राहून विसरलेला मुद्दा पुटपुटणाऱ्याला मॉनिटर म्हणत. निवडणुकीला उभ्या राहिलेल्या बड्या माणसाबरोबर रस्त्यानं चालत, समोरून येणाऱ्याचं नाव त्याच्या कानात सांगणाऱ्यालाही म्हणत. ही जात रोमबरोबर बुडाली असं कुणाला वाटत असेल, तर त्यानं आपल्याकडे प्रचाराच्या दिवसांत उमेदवाराच्या डाव्या खांद्यामागे कोण चालतं ते बघावं. "हे बंडूनाना, यांच्या धाकटीचं परवा लग्न झालं." आणि साहेब लगेच, "काय बंडूनाना, जावईबापू बरे ना?" बंडूनाना आठ दिवस हवेत.

त्याहून खोल गेलं की हे लॅटिन आपल्याच घरात येऊन बसतं. भाषाशास्त्रज्ञ सांगतात की मोनेरे हे मुळात प्रयोजक क्रियापद. ज्या प्राचीन धातूपासून संस्कृतात मन, मति आणि मंत्र निघाले, इंग्रजीत माइंड निघाला, त्याच धातूपासून हे आलं. विचार करणं हे साधं रूप, विचार करायला लावणं हे प्रयोजक. म्हणजे मॉनिटर हा दुसऱ्याच्या मनाला टोचणी लावणारा इसम. नातवानं लगेच विचारलं, "मग मॉन्स्टर पण?" मी म्हणालो, "गप रे." कोश म्हणाला, हो. मॉन्स्टर त्याच घरातला. देवांनी सावध करण्यासाठी पाठवलेला विचित्र जन्म, अपशकुन, तो मॉन्स्ट्रम. मॉन्युमेंटसुद्धा तिथलंच, आठवण करून देतं म्हणून.

सगळ्यात गंमत पैशाची आहे. रोममध्ये कॅपिटॉल टेकडीवर जूनो देवीचं देऊळ होतं. तिचं उपनाव मोनेटा. रोमची टांकसाळ त्या देवळापाशी होती, म्हणून देवीचं नाव नाण्यांना चिकटलं आणि मोनेटाची पुढे इंग्रजीत मनी झाली. देवीला मोनेटा का म्हणत, याचं उत्तर रोमन लेखक सिसेरोनं दिलं आहे ते असं की, एकदा भूकंप झाला तेव्हा देवळातून आवाज आला, गाभण डुकरीण बळी द्या. सावध करणारी, म्हणून मोनेटा. आजचे पंडित ही व्युत्पत्ती डोळे झाकून मान्य करत नाहीत. मला मात्र ती आवडली. खिशातला पैसा आपल्याला सावध करत असतो हे महिन्याच्या पंचविसाव्या तारखेला कुणीही कबूल करील.

हे सगळं वाचून झाल्यावर नातू जांभई देत म्हणाला, "पण घोरपड?"

घोरपडीची गोष्ट खरी सुरू होते ती १७५८ साली. स्वीडनच्या लिनिअसनं सगळ्या प्राण्यांना दुहेरी लॅटिन नावं द्यायचा सपाटा लावला होता. त्यात आफ्रिकेतल्या नाईल नदीकाठच्या घोरपडीचा नंबर आला. तिला त्यानं नाव दिलं 'लॅसर्टा मॉनिटर', म्हणजे सावध करणारी पाल. का? एक कथा अशी सांगतात की मगर जवळ आली की ही घोरपड फुस्स आवाज करून माणसाला सावध करते, असा समज होता. आता ही नाईलची घोरपड मगरीची अंडी उकरून खाते, ही खरी गोष्ट आहे. त्यामुळे जिथं मगर तिथं ती दिसणारच. पण याला सूचना देणं म्हणायचं तर मिठाईच्या दुकानाबाहेर मी घुटमळताना दिसलो की आत ताजी जिलबी आहे, अशी जनतेला सूचना मिळते. तेवढ्यावरून मला कुणी जिलबीचा मॉनिटर म्हणत नाही. मधुमेही म्हणतात.

दुसरी कथा जास्त पटते. अरबीत घोरपडीला 'वरल' किंवा 'वरन' म्हणतात. हा शब्द युरोपात पोचला आणि जर्मन कानांवर पडला. जर्मनमध्ये 'वार्नेन' म्हणजे सावध करणं, इंग्रजीतल्या वॉर्नचा सख्खा भाऊ. वरन आणि वार्नेन यांचा एकमेकांशी काडीचा संबंध नाही, पण कानाला ते जुळे वाटले. वरन म्हणजे सावध करणारा, मग त्याचं लॅटिन काय? मॉनिटर! एका वाळवंटातल्या शब्दाचा उच्चार दुसऱ्या भाषेत चुकीचा ऐकला गेला, त्या चुकीचं तिसऱ्या भाषेत शुद्ध भाषांतर झालं आणि ते भाषांतर चौथ्या भाषेनं डोक्यावर घेतलं. मगरीची कथा बहुधा नंतर त्या नावाला टेकू म्हणून आली. मागाहून कुणी असंही म्हटलं की ही जात कधीकधी मागच्या पायांवर उभी राहून टेहळणी करते, म्हणून मॉनिटर. नाव आधी, कारण मागून. आपल्याकडे पुष्कळ घराण्यांचे इतिहास याच पद्धतीनं लिहिले गेले आहेत.

पुढे १८२० साली मेरेम नावाच्या जर्मन शास्त्रज्ञानं या कुळाला 'व्हॅरानस' हे नाव दिलं, म्हणजे अरबी शब्द निदान शास्त्राच्या वहीत परत आला. आमच्या विहिरीवरची बाई आज व्हॅरानस बेंगालेन्सिस म्हणून ओळखली जाते. इंग्रजी बोलीत मात्र चूक तशीच राहिली आणि पाचवीच्या पुस्तकापर्यंत आली.

खरं तर या प्राण्याच्या नशिबी चुकीचीच नावं. जुने इंग्रज साहेब हिंदुस्थानात आपल्या घोरपडीला 'इग्वाना' म्हणायचे. इग्वाना हा कॅरिबियन बेटांवरच्या लोकांचा शब्द, स्पॅनिश दर्यावर्द्यांनी उचललेला, आणि तो प्राणी आपल्याकडे जंगलात सापडतही नाही. तोच शब्द ऑस्ट्रेलियात पोचला तो झिजत झिजत 'गोआना' झाला, आणि तिथल्या घोरपडी आजही त्याच नावानं ओळखल्या जातात. चूक इतकी वर्षं टिकली की तिला नागरिकत्व मिळतं.

"म्हणजे ती कुणाचीच नावं लिहीत नाही," नातू निराश होऊन म्हणाला आणि झोपायला गेला. मी जागाच राहिलो. कारण आता माझा स्वतःचा प्रश्न उरला होता. मग वर्गातला मॉनिटर कुणाचा?

इंग्लंडच्या काही जुन्या शाळांत सोळाव्या शतकापासून मॉनिटर होते. पण आपल्या वर्गावर्गांत तो ज्या वाटेनं आला ती वाट हिंदुस्थानातूनच जाते, आणि तीही वाळूवरून. अँड्र्यू बेल नावाचा स्कॉटिश पाद्री १७८९ मध्ये मद्रासच्या एका अनाथ मुलांच्या आश्रमाचा प्रमुख झाला. ही मुलं गोऱ्या सैनिकांची. मास्तर थोडे, तेही आळशी. बेलनं एकदा बघितलं की गावठी शाळेतली मलबारी मुलं जमिनीवर वाळू पसरून बोटानं अक्षरं काढताहेत आणि मोठी मुलं धाकट्यांना शिकवताहेत. त्यानं आश्रमातल्या मास्तरांना सांगितलं, असं करा. मास्तरांनी नाक मुरडलं. तेव्हा त्यानं जॉन फ्रिस्कन नावाचा आठ वर्षांचा पोरगा उभा केला आणि धाकट्यांचा वर्ग त्याच्या स्वाधीन केला. पोरानं काम मास्तरांपेक्षा बरं केलं. १७९७ मध्ये बेलनं विलायतेत या प्रयोगावर पुस्तिका छापली. त्याच सुमाराला लंडनमध्ये जोसेफ लँकेस्टर नावाच्या तरुणानं गरिबांसाठी शाळा काढली आणि एका मास्तरावर शेकडो पोरं शिकवायचा चमत्कार करून दाखवला. मास्तर मॉनिटरांना शिकवायचा, मॉनिटर पोरांना. ही पद्धत 'मॉनिटोरियल' या नावानं जगभर गेली, कारण ती स्वस्त होती. लँकेस्टरला छडी नापसंत, म्हणून तो दंगेखोर पोराला टोपलीत बसवून छताला टांगायचा. हे वाचून आमच्या गुरुजींबद्दलचा माझा जुना राग बराच ओसरला.

मोठ्यानं धाकट्याला शिकवावं, धूळपाटीवर अक्षरं गिरवून घ्यावीत, ही रीत आपल्याकडे पंतोजींच्या शाळेत चालूच होती. आपलीच धूळ जहाजात बसून विलायतेला गेली आणि लॅटिन नाव लावून परत आली. फरक एवढाच पडला की मधल्या प्रवासात शिकवायचं काम गळून गेलं आणि नावं लिहायचं तेवढं उरलं. फ्रिस्कन आठव्या वर्षी अक्षरं शिकवत होता. मी बाराव्या वर्षी आवळे गोळा करत होतो.

याच नावाची एक युद्धनौकाही होऊन गेली. अमेरिकेतल्या यादवी युद्धात जॉन एरिक्सन या स्वीडिश इंजिनिअरनं उत्तरेसाठी एक लोखंडी नौका बांधली. जवळजवळ सगळी पाण्याखाली, वर फक्त फिरता गोल बुरूज. बघणारे तिला तराफ्यावर ठेवलेला चीजचा डबा म्हणत. तिचं बारसं एरिक्सननंच केलं, मॉनिटर, कारण बंडखोरांना ती कडक समज देईल आणि जमल्यास ब्रिटिश आरमारालाही. मार्च १८६२ मध्ये तिनं एक गाजलेली लढाई दिली आणि त्याच वर्षाच्या शेवटच्या दिवशी वादळात बुडाली. तिला धोक्याची सूचना कुणी दिली नसावी.

आमच्या घरात मात्र आता मॉनिटरांची गर्दी आहे. टेबलावर कॉम्प्युटरचा. कपाटात रक्तदाबाचा, त्याच्यावरही मॉनिटर असंच छापलंय. मागच्या वर्षी चार दिवस दवाखान्यात होतो तेव्हा उशाशी एक होता. तो दर क्षणाला टिंग करून मी अजून आहे, अशी माझी खात्री पटवायचा. आणि सगळ्यांच्या वर आमची ही. साखरेच्या डब्यावर तिची नजर असते. तिला लॅटिन येत नाही, पण मोनेरेचे तिन्ही अर्थ ती रोज चालवते : सावध करणं, आठवण करून देणं, चार शब्द सुनावणं. क्रमही हाच.

सरकारी मराठीत या सगळ्याला 'संनियंत्रण' म्हणतात. नोकरीत असताना मी एका संनियंत्रण समितीवर होतो. दर तिमाहीला आम्ही जमायचो, मागच्या बैठकीचं इतिवृत्त वाचायचो, त्याचं संनियंत्रण करायचो आणि बटाटेवडा खाऊन उठायचो. त्या तीन वर्षांत आम्ही कुणालाही सावध केल्याचं मला आठवत नाही. खरं बोलायचं तर मॉनिटर या नावाला जागण्याच्या बाबतीत मी आणि ती घोरपड एकाच पंक्तीत बसतो.

आपल्या लोकांनी मात्र तिला तिच्या गुणांवरून ओळखलं. संस्कृतात ती गोधा. हिंदीत त्याचं गोह झालं, गुजरातीत घो. धनुर्धारी डाव्या हाताला जो चामड्याचा पट्टा बांधत, दोरीचा फटका बसू नये म्हणून, त्यालाही संस्कृतात गोधाच म्हणतात. वाल्मीकी रामायणात मरणासन्न वाली रामाला खडसावतो की पाच नखांचे जे पाचच प्राणी खाण्याजोगे आहेत त्यांत माकड नाही. त्या पाचांत ससा आहे, कासव आहे आणि गोधाही आहे. म्हणजे माकड सुटलं, आणि घोरपडीवर शास्त्रानंच शिक्का मारला. तमिळमध्ये तिला उडुंबू म्हणतात आणि हट्टी माणसाच्या चिवट पकडीला उडुंबूची पकड. गोव्यात घुमट नावाच्या वाद्याच्या तोंडावर पूर्वी तिचं कातडं ताणून बसवत, आणि चवथीच्या आरत्यांना ते घुमे. कायद्याची बंदी आल्यावर तिथं बकऱ्याचं कातडं आलं. २०१९ मध्ये गोवा सरकारनं घुमटाला वारसा वाद्य ठरवलं ते या नव्या कातड्यासकट.

पाली जातककथांत एक गोष्ट आहे, ती मला सगळ्यात आवडते. बोधिसत्त्व एका जन्मी घोरपड असतो आणि रोज एका तपस्व्याच्या दर्शनाला जातो. गावकरी त्या तपस्व्याला एकदा फार चविष्ट मांस खाऊ घालतात. हे कशाचं? घोरपडीचं. झालं, महाराजांचं चित्त चळतं. तूप, मसाला जमवून, भगव्या वस्त्रात सोटा लपवून ते ध्यानाला बसतात. घोरपड येते, पण लांबूनच हवेची चव घेते. महाराजांच्या अंगाला कशाचा तरी वास येतोय. ती थबकते, सोटा हुकतो, आणि मग ती महाराजांना खडे बोल सुनावून निघून जाते. इतक्या कथांत तिनं मॉनिटरचं काम चोख बजावल्याचं हे मला सापडलेलं पहिलं उदाहरण.

दुसरं आपल्या सगळ्यांना तोंडपाठ आहे, फक्त त्याकडे आपण या नजरेनं बघत नाही. कोंढाण्याच्या कड्याखाली तानाजी उभा आहे, यशवंती घोरपडीच्या कमरेला दोर बांधून तिला वर सोडलंय, आणि ती अर्ध्यातून माघारी फिरली आहे. बरोबरच्यांना अपशकुन वाटला. पोवाड्यातला तानाजी मात्र तिला दम भरतो की पुन्हा परतलीस तर तुकडे करून भाकरीबरोबर खाईन. ती बिचारी निमूट वर गेली. पुढचं आपल्याला माहीत आहे. १६७० च्या फेब्रुवारीतल्या त्या रात्री गड आला. इतिहासकार ही कथा खरी धरत नाहीत. कड्यावर चढायला मावळ्यांचे हातपाय आणि दोर पुरेसे होते, आणि घोरपड कितीही चिवट असली तरी दोरावर लटकलेल्या माणसांचं वजन पेलणं तिच्या आवाक्यातलं नाही. पण लोकांनी कथा रचली तेव्हा तिला मुद्दाम एकदा मागे फिरवलं, हे विसरू नये. लिनिअसचं नाव ज्यांनी कधी ऐकलं नव्हतं त्या शाहिरांनी घोरपडीला खरोखरीची मॉनिटर केलं. तिनं सावध केलं, आणि ते कुणी ऐकलं नाही. मॉनिटरच्या नशिबी नेहमी असतं तेच.

तशीच कथा मुधोळच्या घोरपडे घराण्याची. बहमनी काळात खेळणा, म्हणजे आजचा विशाळगड, घेताना घोरपडीच्या मदतीनं कडा चढल्यामुळे भोसल्यांच्या या शाखेला घोरपडे हा किताब मिळाला असं सांगतात. कसंही असो, दोन किल्ले, एक घराणं आणि पुण्यातलं एक रेल्वे स्टेशन एवढा पसारा आपल्याकडे त्या नावावर आहे. साहेबाच्या घोरपडीच्या वाट्याला फक्त एक गैरसमज आला.

दुसऱ्या दिवशी सकाळी आमच्याकडे नारळ काढायला येणारा गडी आला. नातवानं त्याला मोठ्या उत्साहानं विहिरीवरची बातमी दिली. गड्याचे डोळे चमकले. तेल सांधेदुखीवर चालतं, मटण कमरेला बळ देतं, असं त्यानं हळू आवाजात सुचवलं. माझी कंबर त्याला माहीत आहे. मी त्याला सांगितलं की घोरपड १९७२ च्या वन्यजीव कायद्यात वाघाच्याच अनुसूचीत आहे, पहिल्या. त्याचा विश्वास बसला नाही. वाघ आणि घोरपड एका यादीत? मग मी त्याला 'हत्था जोडी'ची गोष्ट सांगितली. यात्रेत, जत्रेत, आणि हल्ली मोबाइलवरसुद्धा जोडलेल्या दोन हातांसारखी दिसणारी एक सुकी मुळी विकतात. दुर्मिळ वनस्पती, शेंदूर लावून तिजोरीत ठेवा, लक्ष्मी हलणार नाही. २०१७ मध्ये तिची प्रयोगशाळेत तपासणी झाली. ती मुळी नव्हती, वनस्पती तर नव्हतीच. नर घोरपडीचं वाळवलेलं लिंग होतं ते. त्यासाठी घोरपडी मारल्या जात होत्या.

गडी बराच वेळ गप्प राहिला. मग हळूच म्हणाला, "आमच्या चुलत्याच्या देव्हाऱ्यात आहे एक." आणि लगबगीनं माडावर चढला.

मोनेटा देवीच्या देवळापाशी टांकसाळ होती आणि आमच्याकडे तिजोरीत मॉनिटरचा तो अवयव. सिसेरोचं ऐकलं तर दोन्हीकडे शब्द एकाच कुळातले. हे कुठल्याही कोशात नाही, मला त्या माडाखाली उभं असताना सुचलं. नातवाला सांगण्यासारखं ते नव्हतं, म्हणून तुम्हाला सांगितलं.

नातू जूनमध्ये पुण्याला परत गेला. जाताना दोन गोष्टी बजावून गेला : विहिरीचा कठडा दुरुस्त करू नका, फटी बुजतील, आणि शाळा उघडली की तो मॉनिटर होणार आहे, बाईंनी सांगितलंय. मी विचारलं, "काय काम असतं रे तुमच्यात?" म्हणाला, "स्मार्ट बोर्डवर नावं लिहायची." बोर्ड स्मार्ट झाला, यादी तीच.

कठडा तसाच आहे. पावसाळा लागल्यावर ऊन पडलं की ती येऊन पसरते. ही तिला आता बंगालची म्हणते. परवा खुराड्यात पुन्हा दोन अंडी कमी भरली. मी कुणाचंही नाव लिहिलेलं नाही.